विश्लेषण : समोर फक्त पडदा, संगणक दुसरीकडेच... ‘थिन क्लायंट’ किती भरवशाचे?

‘विंडोज १०’ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कार्यालये, शाळा आणि घरांतील अनेक धडधाकट संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. त्यातच एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम महागली आहे. अशा वेळी ‘संगणक विकत घेऊ नका, तो सर्व्हरवर ठेवा आणि समोर फक्त पडदा वापरा’ हा जुना पर्याय पुन्हा पुढे आला आहे. त्यात पैसे वाचतात हे खरे. पण सर्व्हर बंद पडला, वाय-फाय अडखळले किंवा सेवा देणाऱ्यानेच दार लावून घेतले तर काय, याचे उत्तर खरेदीआधी मिळायला हवे.

थिन क्लायंट म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या संगणकात प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क आणि सगळी सॉफ्टवेअर त्याच डब्यात असतात. थिन क्लायंटमध्ये यातले जवळजवळ काहीच टेबलावर नसते. तिथे एक छोटी डबी, पडदा, कीबोर्ड आणि माउस एवढेच असते. काम सर्व्हरवर होते. आपण दाबलेली कळ किंवा माउसची हालचाल नेटवर्कवरून सर्व्हरकडे जाते आणि तयार झालेले चित्र परत येते. यूट्यूबवर जसा व्हिडीओ येतो, तसे इथे आपल्याच संगणकाचे थेट चित्र येते, असे ढोबळमानाने म्हणता येईल. फरक एवढाच की व्हिडीओ थोडा आधीच साठवून ठेवता येतो, इथे प्रत्येक क्लिकचे उत्तर तिथल्या तिथे यावे लागते.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात एकाच सर्व्हरवर अनेक जण एकाच वेळी आपापली ‘सेशन’ चालवतात. दुसऱ्यात प्रत्येकाला सर्व्हरच्या आत स्वतंत्र आभासी संगणक मिळतो. पहिला स्वस्त असतो, दुसऱ्यात मोकळीक जास्त. दोन्हींत टेबलावरची डबी बिघडली तर दुसरी जोडून काम पुढे सुरू करता येते, कारण फायली त्या डबीत नसतातच.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण सुरू झाले, तेव्हा खिडकीमागच्या लिपिकासमोर होते ते केवळ टर्मिनल. तिकिटांचा हिशेब मध्यवर्ती यंत्रावर होत असे. पुढे घरोघरी पीसी आले आणि संगणनाची ताकद टेबलावर आली. १९९०च्या दशकाच्या मध्यात ‘ओरॅकल’चे लॅरी एलिसन यांनी पीसीऐवजी स्वस्त ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा पुरस्कार केला. १९९८मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एनटी ४’ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. १९९९मध्ये ‘सन मायक्रोसिस्टिम्स’चे ‘सन रे’ आले. त्यात कार्ड काढून दुसऱ्या टेबलावर लावले की अर्धवट काम तिथे उघडत असे.

तेव्हा ही लाट पसरली नाही, कारण पीसी झपाट्याने स्वस्त होत होते आणि नेटवर्क मंद होते. आज या दोन्ही गोष्टी उलटल्या आहेत.

मग आताच चर्चा का?

तीन कारणे एकत्र आली आहेत. पहिले, विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सात-आठ वर्षे जुने अनेक संगणक चालू असूनही अधिकृतपणे बाद ठरतात. घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण तो तात्पुरता उपाय झाला. असे जुने यंत्र थिन क्लायंट म्हणून मात्र आणखी काही वर्षे कामी येऊ शकते.

दुसरे कारण मेमरीची टंचाई. डिसेंबर २०२५मध्ये ‘मायक्रॉन’ने ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली आणि एआय डेटा सेंटरच्या मागणीकडे लक्ष वळवण्याचे कारण दिले. ग्राहकाच्या लॅपटॉपसाठी लागणारी रॅम आता डेटा सेंटरशी स्पर्धा करते आहे.

तिसरे, तयार सेवा बाजारात आल्या. मायक्रोसॉफ्टने २०२१मध्ये ‘विंडोज ३६५’ हा भाड्याचा क्लाउड पीसी आणला आणि २०२५मध्ये त्यासाठीच ३४९ डॉलरची ‘लिंक’ ही डबी विकायला काढली. तिच्यात वापरकर्त्याची एकही फाईल राहत नाही. भारतात रिलायन्स जिओने जुलै २०२५मध्ये ‘जिओपीसी’ सुरू केली. सेट-टॉप बॉक्सला कीबोर्ड-माउस जोडला की घरातला टीव्ही संगणकाचा पडदा होतो, संगणक जिओच्या सर्व्हरवर असतो.

‘लोड बॅलन्सिंग’ कशासाठी?

लोडशेडिंग महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. लोड बॅलन्सिंग म्हणजे भार तोडणे नव्हे, वाटणे. बँकेच्या दारात टोकन देणारा माणूस ज्या काउंटरवर गर्दी कमी तिकडे पाठवतो, तसेच हे सॉफ्टवेअर किंवा उपकरण नव्याने येणाऱ्या वापरकर्त्याला कमी व्यग्र सर्व्हरकडे धाडते. कधी पाळीपाळीने, कधी कोणावर किती सेशन चालू आहेत ते मोजून, तर कधी प्रोसेसर आणि मेमरी किती शिल्लक आहे ते पाहून ही वाटणी होते.

साध्या वेबसाइटपेक्षा थिन क्लायंटमध्ये हे काम अवघड असते. वेबसाइटचे पान कोणत्याही सर्व्हरने दिले तरी चालते. इथे मात्र तुमची अर्धवट लिहिलेली नोंद एका विशिष्ट सर्व्हरच्या मेमरीत उघडी असते. दुपारी जेवून परतल्यावर तुम्ही नेमके त्याच सर्व्हरवर पोहोचायला हवे. त्यामुळे कोणाचे सेशन कुठे आहे याची नोंद ठेवणारा ‘कनेक्शन ब्रोकर’ लागतो. सकाळी दहाला सगळे कर्मचारी एकदम लॉगिन करतात, तेव्हा या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. दिवसभर निवांत असलेला सर्व्हर त्या दहा मिनिटांत धापा टाकतो.

एक सर्व्हर बंद पडला तर?

इथे साधे गणित आहे. १२० कर्मचारी आणि तीन सर्व्हर असतील तर प्रत्येकावर ४० जण. एक बंद पडला की उरलेल्या दोघांवर ६० जण येतात. म्हणजे प्रत्येक सर्व्हर ४० नव्हे, ६० जणांच्या हिशेबाने घ्यायला हवा. तीन सर्व्हर रोज ८० टक्के भारावर चालवले, तर एक गेल्यावर उरलेल्यांवर १२० टक्के भार पडेल आणि तेही कोलमडतील. निविदेत किंमत खाली आणायची वेळ आली की नेमकी हीच राखीव क्षमता कापली जाते. सर्व काही सुरळीत असेपर्यंत ती रिकामी, म्हणून वायफळ वाटते.

आणखी एक गैरसमज आहे. लोड बॅलन्सिंग असले की चालू काम वाचते, असे नाही. बंद पडलेल्या सर्व्हरवरच्या लोकांना पुन्हा लॉगिन करावे लागते आणि जतन न केलेला मजकूर सहसा जातो. फायली सामाईक स्टोरेजवर असतील तर त्या मात्र सुरक्षित राहतात. म्हणजे स्टोरेजची दुसरी प्रत हवी, ब्रोकरही जोडीने हवा आणि सर्व्हरच्या खोलीला यूपीएस व जनरेटर हवा. पूर्वी एका टेबलावरचा संगणक बिघडला की एकाचे काम अडत असे. आता तशीच एक चूक सगळे कार्यालय थांबवू शकते.

भार वाटणारी यंत्रणाच चुकली तर?

ही शंका काल्पनिक नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ‘ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस’च्या अमेरिकेतील व्हर्जिनिया विभागात मोठा बिघाड झाला. सुरुवात एका डेटाबेस सेवेचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीत झाली. ती दुरुस्त झाल्यावरही त्रास सुरूच राहिला, कारण लोड बॅलन्सरसाठी सर्व्हरची तब्येत तपासणारी यंत्रणा गोंधळली होती. सर्व्हर ठीक असूनही ती त्यांना आजारी ठरवून बाहेर काढत होती आणि पुन्हा आत घेत होती. अखेर अभियंत्यांना ही आपोआप होणारी अदलाबदल काही काळ थांबवावी लागली.

नऊच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टची पाळी आली. जगभरातील मागण्या योग्य सर्व्हरकडे वळवणाऱ्या ‘अझुर फ्रंट डोअर’ या सेवेत चुकीचा बदल झाला आणि अनेक सेवा अडल्या. बाधित सेवांच्या यादीत मायक्रोसॉफ्टची आभासी डेस्कटॉप सेवाही होती. सर्व्हर जळाले नव्हते की केबल तुटली नव्हती. वाट दाखवणाराच वाट चुकला होता. जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांकडे हे घडते, तर तालुक्याच्या ठिकाणच्या सर्व्हर खोलीत घडणारच नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

वाय-फाय किंवा ५जीवर हे चालते का?

चालते, पण जाहिरातीतला वेग पाहून अंदाज बांधू नये. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार हलक्या कामाला माणशी साधारण दीड एमबीपीएस, मध्यम कामाला ३ आणि जड कामाला ५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे ४० विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेला हलक्या कामासाठी ६० एमबीपीएस. हा आकडा आज मोठा नाही. खरा प्रश्न जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेचा, म्हणजे ‘लेटन्सी’चा असतो. तो १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर सहसा जाणवत नाही. त्यापुढे अक्षरे उशिरा उमटतात आणि माउस चिखलातून चालल्यासारखा वाटतो. हा वेळ सतत कमी-जास्त होत राहिला तर त्रास आणखी वाढतो.

वाय-फायचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. एका चॅनेलवर एका क्षणी सहसा एकच उपकरण ‘बोलू’ शकते, बाकीचे वाट पाहतात. एका राउटरवर ४० पडदे आणि शिवाय खिशातले ४० मोबाइल असतील तर वेळ वाटून जातो. त्यामुळे जिथे टेबल हलत नाही, तिथे नेटवर्कची केबल हाच उत्तम पर्याय. वायरलेस जोडणी रुग्णालयातील फेरीवरचे डॉक्टर, गोदामातील कर्मचारी, घरून काम करणारे यांच्यासाठी ठेवावी. या जोडणीची एक चांगली बाजू म्हणजे सिग्नल मध्येच तुटला तरी सर्व्हरवरचे सेशन सहसा चालू राहते. पुन्हा जोडल्यावर काम जिथे सोडले तिथेच सापडते.

सुरक्षा वाढते की घटते?

दोन्ही. लॅपटॉप लोकलमध्ये विसरला तर त्यात डेटाच नसतो. सुरक्षा अपडेट शंभर यंत्रांवर न टाकता सर्व्हरवर टाकले की बहुतेक काम होते. पेन ड्राइव्हवर माहिती उतरवणे एका जागेवरून बंद करता येते. पण त्याच वेळी बाहेरून आत येण्याचे दार एकच उरते आणि हल्लेखोरांना ते माहीत असते.

‘सिट्रिक्स’ची ‘नेटस्केलर’ उपकरणे लोड बॅलन्सिंग आणि दूरस्थ प्रवेश ही दोन्ही कामे करतात. २०२३मध्ये त्यात ‘सिट्रिक्स ब्लीड’ नावाने ओळखली गेलेली त्रुटी सापडली. तिच्यामुळे आधीच लॉगिन केलेल्या माणसाचे सेशन चोरता येत होते. त्यामुळे पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. अमेरिकेतील ‘कॉमकास्ट’च्या सुमारे ३ कोटी ५८ लाख ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली. जून २०२५मध्ये याच उपकरणांत तशीच आणखी एक त्रुटी उघड झाली.

फेब्रुवारी २०२४मधील ‘चेंज हेल्थकेअर’चे प्रकरण अधिक साधे आणि म्हणून अधिक बोलके. हल्लेखोर चोरलेल्या पासवर्डने दूरस्थ प्रवेशाच्या पोर्टलमधून शिरले. त्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी नव्हती. अमेरिकेतील औषध दुकाने आणि रुग्णालयांची बिले अडकली आणि मूळ कंपनीने २ कोटी २० लाख डॉलरची खंडणी दिली.

किल्ली कोणाकडे, हा प्रश्न महत्त्वाचा का?

सर्व्हर स्वतःच्या इमारतीत असेल तर बिघाड आपला, दुरुस्तीही आपली. तो भाड्याचा असेल तर करार आणि कधी कधी परदेशी राजकारणही मध्ये येते. रशियन कंपनी ‘रोझनेफ्ट’ची भागीदारी असलेली ‘नायरा एनर्जी’ गुजरातमध्ये वाडीनारला तेल शुद्धीकरण प्रकल्प चालवते. युरोपीय महासंघाने निर्बंध लादल्यानंतर जुलै २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पैसे भरलेले होते, भारतीय कायदा मोडल्याचा प्रश्न नव्हता, तरीही कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि कागदपत्रे हातातून गेली. आख्खा संगणकच दुसऱ्याकडे असेल तर परिणाम किती होईल, याची यावरून कल्पना येते.

सामाईक सर्व्हरचा धोका देशांतही दिसला आहे. जुलै २०२४च्या अखेरीस छोट्या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’वर रॅन्समवेअर हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला देशाच्या देयक जाळ्यापासून तात्पुरते तोडावे लागले आणि सहकारी व ग्रामीण अशा सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्या बँका थिन क्लायंट वापरत होत्या की नाही हा इथे मुद्दा नाही. अनेकांनी एकाच खुंटीला दोर बांधला की खुंटी किती पक्की आहे, हेच महत्त्वाचे ठरते.

आपल्या कार्यालयांपुढे वेगळ्या अडचणी आहेत का?

आहेत, आणि त्या बहुतेक वेळा प्रात्यक्षिकात दिसत नाहीत. आपल्याकडे काम फक्त पडद्यावर होत नाही. पासबुक प्रिंटर असतो, बोटाचा ठसा घेणारे यंत्र असते, डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन असते. मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअर चालवायला कुठे कुठे डोंगलही लागतो. ही उपकरणे टेबलावरच्या डबीला जोडून सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरला दिसायला हवीत. काहींचे जमते, काहींचे नाही. जिओपीसी सुरू झाली तेव्हाही प्रिंटर आणि कॅमेऱ्याची मर्यादा चर्चेत आली होती. मराठीचा कीबोर्ड सर्व्हरवर एक आणि डबीवर दुसराच निवडलेला असेल, तर ‘क’ दाबल्यावर भलतेच अक्षर येते.

वीज हा मुद्दा मात्र फायद्याचा आहे. डबीला साधारण १० ते १५ वॉट पुरतात, त्यामुळे छोट्या इन्व्हर्टरवर खोलीभर पडदे चालू शकतात. अर्थात, सर्व्हर आणि इंटरनेटचा राउटरही तेवढाच वेळ चालू राहिला पाहिजे.

खर्च खरेच वाचतो का? घेण्यापूर्वी काय विचारावे?

घरासाठीचे गणित सोपे आहे. जिओपीसीचा सुरुवातीला जाहीर झालेला मासिक दर ५९९ रुपये आणि वर जीएसटी असा होता. दीर्घ मुदतीच्या योजना त्याहून स्वस्त होत्या. मासिक दराने तीन वर्षांचे साडेएकवीस हजारांच्या पुढे जातात, शिवाय ब्रॉडबँड हवे. या पैशात साधा लॅपटॉप येऊ शकतो आणि तो नेट नसतानाही चालतो. उलट, परीक्षेपुरते चार महिने संगणक हवा असेल तर भाड्याचा पर्याय नक्कीच स्वस्त.

शाळा, पतसंस्था, नगरपालिका यांच्यासाठी बचत डबीच्या किमतीत कमी आणि देखभालीत जास्त असते. तीसपेक्षा अधिक सारखेच काम करणारे टेबल एका छताखाली असतील आणि सर्व्हर सांभाळणारा जाणकार माणूस असेल, तर हा पर्याय बसतो. पाच-सहा टेबलांच्या कार्यालयाला तो सहसा परवडत नाही. जुन्या संगणकांवर लिनक्स टाकणे हा त्यांच्यासाठी अधिक सोपा मार्ग ठरू शकतो.

करारावर सही करण्याआधी पुरवठादाराला काही गोष्टी करून दाखवायला सांगाव्यात. भर कामाच्या वेळी एक सर्व्हर बंद करावा आणि किती मिनिटांत सगळे परत कामाला लागतात ते मोजावे. सकाळी दहाचे लॉगिन सगळ्यांनी एकदम करून पाहावे. दूरस्थ प्रवेशावर दुहेरी पडताळणी आहे का, सुरक्षा अपडेट किती दिवसांत बसवले जातात, डेटा कुठे राहतो आणि करार संपल्यावर तो कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे लेखी घ्यावे. आपले प्रिंटर, टोकन आणि मराठी कीबोर्ड घेऊन आठवडाभर प्रत्यक्ष काम करून पाहावे. आणि इंटरनेट दिवसभर नसेल तर पावती कशी फाडायची, दाखला कसा द्यायचा, याची कागदी व्यवस्था तयार ठेवावी. या चाचण्यांना नकार देणाऱ्या पुरवठादाराची निविदा कितीही स्वस्त असली, तरी राखीव क्षमतेचा खर्च त्याने बहुधा तिच्यात धरलेलाच नसतो.